परसातले पक्षी ओळखताना: कोकणातल्या आगरासाठी एक वाटाड्या

फणसावर काहीतरी बोलतंय. दहा मिनिटं झाली, थांबायचं नाव नाही. मान वर करून करून दुखायला लागली आणि दिसतंय काय, तर पानं. कोकणात पक्षी बघायला सुरुवात करणाऱ्याची पहिली सकाळ बहुतेक अशीच जाते. देशावरच्या माळावर चंडोल दगडावर बसलेला लांबून दिसतो. आपल्याकडे माड, पोफळी, आंबा, फणस, रातांबा, त्यांवर चढलेले मिरवेल, खाली केळी आणि हळद, सगळं एकमेकांत गुंतलेलं आणि बारमाही हिरवं. पक्षी भरपूर असतात, पण एकेक दिसतो तो दोन-दोन सेकंद.

ते दोन सेकंद पुरवायचे असतील तर चित्रं पाठ करण्याआधी आपल्या परसाची सवय करून घ्यावी लागते. कुठला आवाज कुठल्या झाडातून येतो, किती उंचीवरून येतो, कुठल्या महिन्यात येतो, हे अंगवळणी पडलं की पक्षी दिसायच्या आधीच तो कोण असणार याचा निम्मा अंदाज बांधलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बारा गुंठ्यांच्या आगरात मी चौदा वर्षं हेच करत आले आहे. गोव्यातल्या कुळागराला, सिंधुदुर्ग-रायगडातल्या वाडीला यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल. पुण्या-मुंबईच्या सोसायटीतही यातले निम्मे पक्षी भेटतात.

एक जागा, एक वेळ

आधी खुर्ची कुठे टाकायची ते ठरवा आणि मग ती हलवू नका. सकाळी बसणार असाल तर ऊन पाठीशी हवं, म्हणजे तोंड पश्चिमेकडे. उजेडाच्या दिशेने बघितलं की शिंजीर, कोतवाल, कोकीळ, सगळे सारखेच काळे दिसतात आणि नवखा माणूस तिथेच कंटाळतो. समोर एखादं फुलाचं झुडूप, थोडी मोकळी जमीन आणि एक मोठं झाड येईल अशी जागा बघा. आमच्याकडे ती मागच्या पडवीत आहे. समोर जास्वंदीची कुंपणरांग, पलीकडे पाण्याची दगडी डोण आणि तिच्या मागे जुना रायवळ आंबा.

वेळ म्हणाल तर उजाडल्यापासून दीड तास. त्यानंतर सूर्य मावळायच्या आधीचा एक तास. भर दुपारी तांबटाशिवाय कुणी फारसं बोलत नाही. पावसाळ्यात मात्र घड्याळ बाजूला ठेवा. मोठी सर येऊन गेली आणि उघडीप मिळाली की लगेच बाहेर या. भिजलेले पक्षी पंख वाळवायला उघड्या फांद्यांवर येतात आणि चांगली पाच-दहा मिनिटं तिथेच बसतात.

पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही. तुम्ही आलात म्हणून सगळे आत सरकलेले असतात, ते हळूहळू परत येतात. हात लांब करून बोट दाखवू नका, मान सावकाश वळवा, भडक पांढरे कपडे टाळा. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी जास्त शिकवतात. रोज बसलं की काल नव्हतं ते आज आलेलं लगेच कळतं.

आधी कान

पहिल्या महिन्यात पक्षी बघायची घाई करू नका. फक्त आठ आवाज पक्के करा.

तांबट: टुक, टुक, टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एका लयीत. तो बोलताना डोकं इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखा वाटतो. झाडाच्या शेंड्याकडची वाळकी, निष्पर्ण फांदी बघा, तिथे सापडेल.

कुटुर्गा: आधी एक खरखरीत ‘कुर्र’ आणि मग ‘कुटुर-कुटुर-कुटुर’ न थांबता. जानेवारी उलटला की पावसापर्यंत कोकणातल्या दिवसभराच्या आवाजांत हाच मुख्य. एकाने सुरू केलं की पलीकडच्या वाडीतून दुसरा जाब देतो. अंगाने हिरवा, म्हणून पानांत दिसत नाही. फणसावर दहा मिनिटं बोलणारा बहुतेक वेळा हाच असतो.

भारद्वाज, म्हणजे आपला कुक्कुडकुंभा: रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणीतरी ‘हूप, हूप, हूप’ म्हणतंय असं वाटतं. आवाज जमिनीच्या जवळून, गचपणातून येतो.

शिंपी: ‘टिवीट-टिवीट-टिवीट’. चिमणीहून लहान जीव, पण आवाज ऐकून मोठा पक्षी असेल असं वाटतं.

दयाळ: मार्चपासून पहाटे, उजाडायच्याही आधी. लांब, गोड, दर वेळी थोडी बदलणारी शीळ. माडाचा शेंडा किंवा घराचा पाखा ही त्याची जागा.

कोकीळ आणि पावशा यांचा नेहमी घोटाळा होतो, कारण दोघांचाही सूर चढत जातो. कोकिळाचा ‘कु-हू’ दोन स्वरांचा. पावशाचा तीन स्वरांचा, ‘पेर्-ते-व्हा, पेर्-ते-व्हा’, दर वेळी आधीपेक्षा वर, आणि शेवटी सूर फाटतो की काय असं वाटत असतानाच थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरुवात. चांदण्या रात्री दोघंही बोलतात.

आठवा फुलटोच्या: आंब्याच्या या झाडावरून त्या झाडावर जाताना ‘चिक्-चिक्-चिक्’, कोरडा, तीक्ष्ण, खडीसाखर दाताखाली फुटावी तसा.

या आठांखेरीज एक गोष्ट कानांनी शिकायची ती म्हणजे भीतीचा आवाज. बुलबुल, शिंपी, दयाळ, कोतवाल असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच जागेभोवती जमून कर्कश ओरडायला लागले, तर तिथे मांजर, साप किंवा घुबड नक्की आहे. एकदा जांभाखाली असाच गलका चालला होता. गडग्याच्या दगडांवरून धामण सरकत होती आणि तिच्यावर वीतभर अंतरावरून सहा बुलबुल ओरडत होते. मी पाच मिनिटांत त्यांच्या शेपटीखालचा लाल रंग जितका नीट पाहिला, तितका त्याआधी वर्षभरात पाहिला नव्हता. आणि याच्या उलट, भरात आलेलं परस एका क्षणात चिडीचूप झालं, तर वर बघा. शिक्रा, म्हणजे लहान पक्ष्यांची शिकार करणारा छोटा ससाण्यासारखा पक्षी, आलेला असतो.

मोबाइलवर कॉर्नेल विद्यापीठाचं ‘मर्लिन’ हे ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते जरूर वापरा, पण त्याने दिलेलं नाव म्हणजे सूचना समजा, निकाल नव्हे. हिरवागार हरेवा आणि शेपटीला दोन लांब पिसं लोंबणारा भृंगराज, दोघंही दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला हुबेहूब करतात. आमच्या शेवग्यावरचा हरेवा एका सकाळी बुलबुल, कोतवाल आणि शिक्रा असे तिघे ‘ऐकवून’ गेला. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत प्रश्नचिन्ह ठेवायचं, हा माझा नियम आहे.

मापाची शिडी

लांबी सेंटिमीटरमध्ये सांगून डोळ्यांसमोर काही येत नाही. त्यापेक्षा रोजच्या ओळखीचे पाच पक्षी मापाला धरा: शिंजीर (सुमारे १० सेंमी), चिमणी (१५), बुलबुल (२०), साळुंकी (२३ ते २५), कावळा (४० च्या वर). नवीन पक्षी दिसला की पहिला प्रश्न रंगाचा नको. ‘चिमणीएवढा की बुलबुलाएवढा?’ हे आधी विचारा. उजेड बदलला की रंग फसवतो, माप त्या मानाने कमी फसवतं.

दुसरा प्रश्न चोचीचा. बारीक आणि खाली वाकलेली असेल तर मध पिणारा शिंजीर. आखूड, जाड, त्रिकोणी असेल तर दाणे फोडणारी चिमणी किंवा मुनिया. जाडजूड आणि बुडाशी मिशांसारखे राठ केस असतील तर तांबटाचं कुळ. लांब, भाल्यासारखी आणि जड असेल तर खंड्या. खंड्याला पाणीच लागतं असं मात्र नाही. पांढऱ्या गळ्याचा खंड्या विजेच्या तारेवर बसून गवतातले नाकतोडे आणि सरडे टिपतो, तेव्हा विहिरीपासून लांब दिसला म्हणून त्याला बाद करू नका.

तिसरा प्रश्न शेपटीचा: लांब की आखूड, टोकाला दुभंगलेली की गोल, वर उभारलेली की खाली लोंबणारी, हलवतो की स्थिर ठेवतो. शेपटी उभी ठेवणारा शिंपी, शेपटीचा पंखा उघडून सतत गिरकी घेणारा नाचण, शेपूट खाली-वर हलवत अंगणात धावणारा धोबी, या तिघांना रंग न बघताही ओळखता येतं.

झाडाचा कुठला मजला

आगर म्हणजे चार मजली इमारत आहे आणि बहुतेक भाडेकरू आपापला मजला सोडत नाहीत.

तळमजला म्हणजे पातेरा, जमिनीवर पडलेल्या सुक्या पानांचा थर. तिथे सातभाई घोळक्याने पानं उलटत फिरतात, दयाळाची जोडी उतरते, ठिपकेवाला होला दाणे वेचतो, आणि नशीब असेल तर नारिंगी डोक्याचा कस्तुर दिसतो. त्याच्या पांढऱ्या गालावर दोन काळपट उभे पट्टे असतात. सुक्या पानांचा ‘खस्स... खस्स’ असा थांबून थांबून आवाज आला, तर तो सरडा नसून हा कस्तुर असण्याची शक्यता धरा.

पहिला मजला झुडपांचा, म्हणजे जास्वंद, अबोली, कढीलिंब, लिंबू. शिंपी, शिंजीर, मुनिया आणि थंडीत वटवट्या इथले.

दुसरा मजला आंबा, चिकू, पेरू, जाम यांचा मधला पसारा. बुलबुल, सुभग, चष्मेवाला, कोतवाल, टकाचोर, हळद्या इथे भेटतात. आंब्यावर बांडगूळ असेल तर फुलटोच्या ठरलेला. बांडगुळाची फळं त्याला फार आवडतात. आतली बी चिकट असते. ती त्याच्या अंगाला चिकटते, मग तो फांदीवर घासून पुसतो आणि तिथे नवीन बांडगूळ रुजतं. बागायतदार बांडगूळ काढतात ते योग्यच आहे, पण परसातल्या एखाद्या जुन्या रायवळावर थोडं राहू दिलं तर हा आठ सेंटिमीटरचा जीव रोज डोळ्यांसमोर राहतो. तो भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी आहे.

वरचा मजला माडांचे शेंडे आणि मोठे वृक्ष. तांबट, पोपट, शिक्रा, घार इथले. परसाच्या कडेला उंबर किंवा वड असेल तर फळं पिकल्यावर हरियालांचा थवा येतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिवळे पाय, हिरवट-राखी अंग, आणि पानांत इतके मिसळून जातात की झाड रिकामं वाटतं. तुम्ही टाळी वाजवली की त्याच झाडातून वीस उडतात. (टाळी वाजवू नका, उंबरं खाली पडताहेत का ते बघा.) संगमेश्वर-देवरूखच्या बाजूला, जिथे देवराया आणि जुनी झाडं राखली गेली आहेत, तिथे परसातल्या उंबरावर धनेशसुद्धा उतरतात.

घोटाळ्याच्या जोड्या

इथे जरा थांबू, कारण खरी ओळख इथेच पक्की होते.

शिंजीर. जास्वंदीवर येणाऱ्या सगळ्यांना आपण ‘शिंजीर’ म्हणून सोडून देतो, पण परसात निदान दोन जाती असतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात उन्हात निळा-जांभळा चमकतो, सावलीत साफ काळा दिसतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचं पोट पिवळं असतं, पाठ तपकिरी-लाल आणि कमरेवर जांभळी चमक. नरांचं इतकं सोपं. माद्यांत मात्र भलेभले चुकतात. त्यांचा गळा बघा. गळ्यापासून पोटापर्यंत एकसारखी फिकट पिवळी असेल तर ती जांभळ्या शिंजिराची मादी. गळा राखी-पांढरट आणि छातीपासून पिवळा रंग सुरू होत असेल, तर जांभळ्या पाठीच्या शिंजिराची. आणखी एक गंमत अशी, की विणीचा काळ संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला झगमगता पोशाख उतरवतो. मग तो मादीसारखाच पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळा पट्टा राहतो. हा नर पहिल्यांदा दिसला तेव्हा मला तिसरीच जात सापडल्यासारखी वाटली होती.

शिक्रा, पावशा आणि कोकिळा. माझ्या पहिल्या वहीत तीन ठिकाणी ‘शिक्रा’ लिहून नंतर खोडलंय. त्यातला एक पावशा होता आणि दोन वेळा कोकिळेची मादी होती. पावशा रंगाने, शेपटीवरच्या पट्ट्यांनी, अगदी उडण्याच्या ढंगानेही शिक्र्यासारखा दिसतो, इतका की लहान पक्षी त्यालाही घाबरून ओरडतात. चोच बघितली की प्रश्न सुटतो. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकलेली, पावशाची सरळ, बारीक, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. कोकिळेची मादी तपकिरी, पाठभर पांढरे ठिपके, पोटावर आडव्या रेघा आणि डोळे लाल. ‘कुहू’ म्हणणारा नर, तो काळाभोर. मादीच्या तोंडून फक्त घाईघाईचं ‘किक्-किक्-किक्’ ऐकू येतं. कोकिळा गाते असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, पण गातो तो कोकीळ.

काळे पक्षी. कोकीळ: लाल डोळा, फिकट हिरवट चोच. कोतवाल: शेपूट टोकाशी खोल दुभंगलेली. डोमकावळा: सगळा काळा, चोच दणकट. गावकावळा: मान राखी. एवढ्या चार खुणा पुरेत. हिवाळ्यात कोतवालासारखाच पण अंगाने राखाडी आणि डोळे तांबडे असा पक्षी दिसला, तर तो राखी कोतवाल, आपल्याकडचा थंडीचा पाहुणा.

बुलबुल. लालबुड्या: डोकं काळं, शेपटीच्या बुडाशी लाल. शिपाई बुलबुल: डोक्यावर टोकदार तुरा, गाल पांढरे, डोळ्यामागे लाल टिकली. कोकणात दोघंही एकाच पेरूवर भांडताना दिसतील. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला लाल टिकली नसते, म्हणून मे-जूनमध्ये एखादा ‘अर्धवट’ बुलबुल दिसला तर बुचकळ्यात पडू नका.

दयाळ. नर काळा-पांढरा, मादीत काळ्याच्या जागी राखाडी. शेपूट दोघांचीही वर उचललेली, पंखात पांढरा पट्टा. चिरक म्हणून अजून एक लहान काळा पक्षी असतो, त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो. तो दाट आगरापेक्षा मोकळ्या, दगडगोट्यांच्या जागी जास्त.

दुर्बीण, वही, मोबाइल

दुर्बीण घ्यायची तर ८ × ४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची असल्याने झाडाच्या सावलीतही उजेड पुरतो. दहापटीची घेतली की हात हलल्याचं जास्त जाणवतं आणि समोरचा पट्टा अरुंद दिसतो. दाट झाडीत ते गैरसोयीचं. विकत घेतल्यावर आधी उजव्या डोळ्याचं चक्र आपल्या नजरेप्रमाणे लावून घ्या. ते न लावल्याने कित्येक जण वर्षानुवर्षं अंधूक बघत राहतात. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. हे जमेपर्यंत माडावरच्या नारळावर सराव करा.

कोकणातला पाऊस दुर्बिणीचा वैरी. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलीने काचेवर बुरशी धरते आणि ती मग निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या अधूनमधून उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्या.

वही साधी दोनशे पानी चालते. नोंद अशी करा: तारीख, वेळ, हवा, झाड, मजला, काय करत होता, माप कशाएवढं, चोच, शेपूट, आवाज, आणि सर्वांत शेवटी नाव. नाव आधी लिहिलं की बाकीचं आपण त्या नावाला जुळवून घेतो. चित्र येत नसलं तरी एक अंडाकृती अंग, त्याला चोच-शेपूट, आणि रंग कुठे होता तिथे बाण, एवढं काढा. त्या दोन सेकंदांत पाहिलेलं संध्याकाळपर्यंत डोक्यात टिकत नाही, ते कागदावरच टिकतं.

नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे, एवढंच काम. भारतातले लोक २०१३ पासून यात आहेत. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख डॉ. सालिम अली यांच्या. घरात शाळकरी मुलं असतील तर सुरुवातीला हाच आठवडा धरा, कारण पाऊस सरलेला असतो आणि थंडीचे पाहुणे नुकते उतरलेले असतात.

पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. मग तो चारा-पिल्लं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूमागे दमत राहतो.

परसाचं वर्ष

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पाहुणे यायला लागतात. झुडपात न दिसता ‘चक्, चक्’ करणारा तपकिरी वटवट्या, अंगणात करडा धोबी, आंब्याच्या मधल्या फांद्यांत हळद्या, पांढऱ्याशुभ्र रिबिनीसारखी शेपूट मिरवणारा स्वर्गीय नर्तक. नर्तकाची मादी आणि तरुण नर तांबूस असतात, लांब शेपूट आणि पांढरा रंग नराला पुढे वय झाल्यावर मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलली की सारं गाव तिथे जमतं: साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, कधी गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे. एकच फुललेला पांगारा तासभर बघितला तर पंधरा जाती होतात.

एप्रिल-मे विणीचा. कोकीळ बोलतो कारण कावळ्यांची घरटी तयार होतात. कोकिळा अंडी त्यांच्यात घालते. पावशा आणि आफ्रिकेतून पावसाच्या तोंडावर येणारा चातक सातभाईंच्या घरट्यांत घालतात. जुलैत कधी सातभाईंच्या घोळक्यात एक बोजड, पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू चारा मागत फिरताना दिसलं, तर ते त्यांचं नसतं.

मेच्या अखेरीस नवरंग येतो. साळुंकीपेक्षा जरा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची एक स्वच्छ शीळ घालतो आणि दिवसभर पातेऱ्यात गप्प वावरतो. आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर तिबोटी खंड्या. चिमणीहून लहान, नारिंगी-जांभळा, पायाला तीनच बोटं. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो विणतो आणि सापसुरळ्या, बेडूक, बारके खेकडे पिल्लांना भरवतो. घराशेजारी वहाळ असेल तर पावसाळ्यात त्या दरडीची माती काढू नका.

पाणी, पातेरा, झाडं

शेव, पाव, बिस्किटं घालू नका. त्याने कावळे आणि पारवे वाढतात, बाकीचे मागे सरतात. त्यापेक्षा पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, पाणी दोन बोटं खोल, मधे एक खडबडीत दगड. झुडपापासून पाच-सहा फूट लांब, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला पळायला आडोसाही सापडतो. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. मार्च ते मे या एका भांड्यावर जितक्या जाती दिसतात तितक्या अख्ख्या बागेत फिरून दिसत नाहीत.

आगराचा एक कोपरा झाडू नका, पातेरा तसाच कुजू द्या. कस्तुर, नवरंग, सातभाई सगळे त्यातल्या किड्यांवर जगतात. कीटकनाशक मारलेल्या परसात शिंपीच काय, शिंजीरही टिकत नाही, कारण फुलांवर जगणारे पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवतात. लावायचीच असतील तर उंबर, पांगारा, कढीलिंब, जास्वंद, शेवगा लावा. जागा कमी असेल तर एक सिंगापूर चेरी. तिची लाल फळं फुलटोच्या, बुलबुल, तांबट आणि रात्री वटवाघळं, सगळे खातात.

घरटं सापडलं तर

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी जास्वंदीची रांग छाटली आणि छाटलेल्या ढिगात शिंप्याचं घरटं सापडलं. दोन पानं कडेला कडा लावून शिवलेली. चोचीने पाडलेली भोकं सुईच्या टोकाएवढी, त्यांतून ओवलेला कापसाचा आणि कोळ्याच्या जाळ्याचा धागा, आणि प्रत्येक टाक्याच्या बाहेर धागा विस्कटून त्याची बारीक गाठ झालेली, निसटू नये म्हणून. आत सावरीचा कापूस आणि तीन अंडी, त्यांतली दोन फुटलेली. मी ते घरटं परत बांधायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून मार्च ते सप्टेंबर आमच्याकडे झुडपांना कात्री लागत नाही, आणि त्याआधीही फांदीन् फांदी उलटून बघितल्याशिवाय लागत नाही.

शिंजिराचं घरटं तर कचराच वाटतो: दोरीला किंवा बारीक फांदीला लोंबणारी थैली, सालीचे तुकडे, सुकी फुलं, अळ्यांची विष्ठा कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेली, बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. कपडे वाळत घालायच्या दोरीवर असं काही दिसलं तर महिनाभर ती दोरी सोडून द्या. घरट्यापासून लांब राहा, फोटोसाठी पानं बाजूला करू नका. ती पानं सावलीसाठी आणि कावळ्यापासून लपण्यासाठी असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी किंवा घरटं काढणं आणि आपल्या रानातले पोपट पाळणं हा गुन्हाही आहे.

जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू उड्या मारताना दिसलं तर ते बहुतेक उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. जवळ मांजर असेल तर पिल्लाला उचलून फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकतात ही समजूत खरी नाही.

नवरंग आणि तिबोटी खंड्या रात्री प्रवास करतात आणि खिडकीच्या काचेवर आपटून पडतात. असा पक्षी मिळाला तर बुटांच्या खोक्याला भोकं पाडून आत सुती कापड घाला, त्याला ठेवून झाकण लावा आणि खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत तास-दोन तास ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पंख मोडलेला दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नुसताच बधिर झालेला असेल तर थोड्या वेळाने खोक्यात खडखड ऐकू येते. मग खोकं बाहेर न्या, पाऊस थांबलाय ना ते बघा, माडाच्या बुंध्याशी खाली ठेवा, झाकण काढा आणि दहा पावलं मागे सरका.